समेवरची मान

"समोरची सतरंजी कुठे गेली?" पडद्याच्या फटीतून बघत बाईंनी विचारलं. आज त्या गाणार होत्या आणि मी, त्यांची शिष्या, मागे तानपुऱ्यावर होते.

"तिथे आता सोफे आहेत. पाच हजारांचं तिकीट," आयोजक खुशीत म्हणाले. दरवर्षी त्या सतरंजीवर मांडी घालून बसणारे रसिक दोनशेच्या तिकिटावर पार भिंतीपाशी गेले होते. त्यांत माझे वडीलही होते, टेलरिंगचं दुकान लवकर बंद करून आलेले. माझ्या नावाचा फुकट पास त्यांनी कधीच घेतला नाही.

पडदा उघडला. बाईंनी नमस्कार केला आणि माइक जवळ ओढला. "दोनशेवाले सगळे वर या, माझ्या दोन्ही बाजूंना बसा. समेवर तुमची मान हलते, ती दिसल्याशिवाय मला गाता येत नाही."

आयोजक विंगेतून हातवारे करत राहिले. तोवर माणसं चपला काढून स्टेजवर चढलीसुद्धा.

पहिली सम आली, तशी बाबांची मान हलली. बाई त्यांच्याकडे बघून हसल्या. तासाभरात पाच हजारांच्या सोफ्यांवरची मंडळी माझ्या बाबांची मान बघून दाद द्यायला लागली.