तीन शब्द

“मेंदू म्हणजे विश्वातला सर्वांत मोठा चमत्कार!” मानसशास्त्राच्या निवृत्त सरांनी जाहीर केलं आणि सवयीने डॉक्टरच्याच खुर्चीत बसले. डॉक्टर त्यांचा जुना विद्यार्थी. तो मुकाट्याने पेशंटच्या स्टुलावर टेकला. “सर, तीन शब्द लक्षात ठेवा. कात्री, घोडा, पायरी. पाच मिनिटांनी विचारतो.” “अरे गाढवा, ही चाचणी तुला मीच शिकवली!” सर खुलले. अल्पकालीन स्मृती, दीर्घकालीन स्मृती, विस्मरणाची कारणं, सगळं उदाहरणांसकट झालं. दाराशी बसलेल्या त्यांच्या बायकोने पर्स घट्ट धरली. “सर, ते तीन शब्द?” डॉक्टरने विचारलं. सरांनी छताकडे पाहिलं, मग खिडकीकडे. तोंडी परीक्षेत अडलेल्या पोराला त्यांनी कधी काडीचीही मदत केली नव्हती. डॉक्टर त्यात दोनदा नापास झाला होता. सर पुढे वाकले आणि बायकोला ऐकू जाणार नाही असं पुटपुटले, “पहिलं अक्षर तरी सांग रे.”