पंचवीस वासांचा परवाना

"घ्या हा रुमाल, आणि माझी ना-हरकतही घ्या!" मंदाकिनी देवस्थळींनी घामेजलेला रुमाल जिन्यात उभ्या असलेल्या नगरपालिकेच्या निरीक्षकाच्या हातात कोंबला. जाळीच्या दाराआड शेजारच्या रणदिव्यांचा बिबट्या लोळत होता. त्याला ना साखळी होती, ना मुसकं. त्याच्या मानेत बसवलेल्या चकतीत ज्यांचा वास नोंदलेला असे, त्यांना तो चाटायचा. बाकीच्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर वावरावं, असं परवान्यातच छापलं होतं. मंदाकिनीबाई दोन वर्षं हरकत घेत होत्या आणि दोन वर्षं जीव मुठीत धरून जिना उतरत होत्या.

"आलात ना वठणीवर?" रणदिवे आतून हसले.

"आले. तुमचं वाटोळं होवो."

निरीक्षकाने रुमाल यंत्राला लावला. "साहेब, चकतीत पंचवीसच वास मावतात आणि पंचवीस भरलेत. यांचा घ्यायचा, तर एक पुसावा लागेल. वास नोंदल्याशिवाय यांची ना-हरकत धरता येत नाही, आणि तिच्याविना परवाना आज संपतो."

रणदिव्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "आमच्या हिचा पुसा. जाईल माहेरी."

चहाचा ट्रे घेऊन आलेली त्यांची बायको जागीच थबकली.

"थांबा, मला नकोय!" मंदाकिनीबाईंनी रुमाल हिसकावला, पण निरीक्षकाने बटण दाबलं होतं.

बिबट्या दाराशी आला. जाळीवर टेकलेला मंदाकिनीबाईंचा हात त्याने प्रेमाने चाटला. मग तो वळला आणि ट्रे धरलेल्या बाईकडे, तिला आजच पहिल्यांदा पाहत असावा तसा, टक लावून बघू लागला.