बोक्याचं नाक

वेटरने सूपचा वाडगा तिच्यापुढे ठेवला, आणि बोक्याने तो नेहमीसारखा आपल्याकडे ओढला.

बोका म्हणजे तिचा नवरा. हुंगल्याशिवाय बायकोला घास घेऊ देत नाही, म्हणून तिच्या माहेरच्यांनी ठेवलेलं हे नाव. कोळंबी, खेकडा, शिंपल्या, यातलं काहीही पोटात गेलं की तिचा घसा सुजायचा, श्वास अडायचा. पर्समध्ये इंजेक्शन असायचंच, पण तिची खरी भिस्त या नाकावर. लोक आचाऱ्याला विचारतात. तिला ते कधी जमलं नाही. चारचौघांत आपल्या दुखण्याचा पाढा कोण वाचणार? घरचं नाक आहे ना. बोक्याचा स्वतःचा कोळंबीवर भारी जीव, पण लग्नापासून त्याने ती तोंडात घातली नव्हती. शेजारच्या टेबलावर कोणी मागवली की नुसत्या वासावर भागवायचा.

बोक्याने डोळे मिटले आणि वाफेत तोंड घातलं. खिडकीतून कलतं ऊन टेबलावर आलं होतं, त्यात वाफ सोनेरी होऊन सावकाश वर चढत होती. त्याचा चेहरा मधेच दिसे, मधेच पुसला जाई. आपल्यासाठी कोणी इतकं मन लावून काही करतं, याचं तिला अजूनही सुख वाटायचं.

"खा बिनधास्त," तो म्हणाला.

तिने चमचा भरला. वाफेने डोळे जड झाले, आजूबाजूची बोलणी लांबून कुठून तरी आल्यासारखी वाटू लागली. चमचा ओठांशी आला, तेवढ्यात आत स्वयंपाकघरात काहीतरी करपलं. चांगलंच करपलं. पलीकडच्या बाईने नाकाला रुमाल लावला, कोपऱ्यातले आजोबा खोकायला लागले, वेटर खिडक्या उघडत सुटला.

बोका मात्र हनुवटी तळहातावर टेकून तिच्याकडे बघत हसत होता.

तिने चमचा खाली ठेवला. "वास येतोय?"

"कसला?"

तिने पलीकडच्या बाईकडे बोट दाखवलं. त्याने भोवती पाहिलं, तो रुमाल पाहिला, आणि त्याचं तोंड उतरलं.

"कधीपासून?"

"तापातून उठलो तेव्हापासून. म्हटलं, येईल परत."

"मग आत्ता काय हुंगलंस रे?"

"तू इतकी खुशीत होतीस..."

तिला राग आला, रडूही आलं. मग जन्मात पहिल्यांदा तिने हात वर करून वेटरला बोलावलं आणि आजूबाजूची टेबलं ऐकतील अशा आवाजात सगळं सांगितलं. हात पुसत आचारीच बाहेर आला.

"भाज्याच आहेत, ताई. पण पाणी कोळंबीच्या सालांचं. चवीसाठी घालतो." त्याने वाडगा स्वतः उचलला. "दुसरं देतो. भांडं, चमचा, सगळं वेगळं."

उघड्या खिडक्यांतून वारा आत येत होता, करपल्याचा वास विरत चालला होता. मग भात आणि अंड्याची ताटली आली. बोका सवयीने वाकला आणि अर्ध्यात थांबला.

तिने ताटली आपल्याकडे ओढली. डोळे मिटले.

"लोणी," ती म्हणाली. "मिरी. अंडं कडेला जरा जास्त झालंय."

त्यानेही डोळे मिटले.

"आणि शेजारच्या टेबलावर?" त्याने हळूच विचारलं.

जन्मभर ज्या वासापासून ती तोंड फिरवत आली होती, त्याच्याकडे तिने मान वळवली. सावकाश श्वास घेतला.

"कोळंबी. लसणीत परतलेली. गोडसर."

"ताजी?"

"ताजी."

बोक्याने डोळे न उघडताच आवंढा गिळला.