वाकड्या करंगळ्या

काचेच्या पेटीवरची चिठ्ठी आत्याने दोनदा वाचली आणि तिचा पारा चढला. 'हस्तिदंती फलक, दोन. मेरी आणि बाळ येशू; भेटी घेऊन आलेले तीन राजे. कारागीर अज्ञात. दोष: करंगळ्या वाकड्या.'

"दोष म्हणे! हे लिहिणारा शहाणा कोण?"

"आत्या, हळू बोल," भाची कुजबुजली. तिचा हात नेहमीसारखा खिशात होता.

शहाणा शेजारीच उभा होता. संग्रहालयाचा अधिकारी, गळ्यात भिंग. "आजी, काम सुंदरच आहे. पण हस्तिदंत सुकताना वाकला असणार. नाहीतर कारागिराचा हात कच्चा."

"कच्चा?" चाळीस वर्षं लाकडात संत कोरणाऱ्या आत्याला हे कसलं सोसतंय! "अहो, बाळाच्या पापण्या मोजता येतायत, आणि म्हणे हात कच्चा! आणि सुकून वाकायला काय फक्त करंगळ्याच सापडल्या?"

"मग मुद्दाम कोरल्या?"

"छे हो. आमच्या घरात चेहरा चित्रात बघून कोरतात. हात मात्र स्वतःचा डावा समोर धरून. आजोबांनी तसंच केलं, बाबांनी तसंच. सगळ्या जगाच्या करंगळ्या अशाच असतात, असं वाटायचं आम्हाला!"

तिने डावा पंजा काचेला लावला. करंगळी टोकाशी आत वळलेली. अधिकाऱ्याने भिंग डोळ्याला लावून एकदा मेरीचा हात पाहिला, एकदा आत्याचा, परत मेरीचा.

"हे आपल्या घरचं काम आहे, असं बाबा सांगून सांगून थकले गं," आत्या भाचीला म्हणाली. "लोक हसायचे."

अधिकाऱ्याने पेन काढून 'अज्ञात'वर रेघ मारली. "नाव सांगा, आजी. काय लिहू?"

"नाव मला तरी कुठे ठाऊक? आमच्यात कामाखाली नाव घालत नाहीत. आमच्या घरचं, एवढं लिहा. आणि तो दोष आधी खोडा."

त्याने खोडला.

भाचीलाही तीच करंगळी. शाळेत पोरींनी तिला चिडवलं, तेव्हापासून खिशात गेलेली. तिने हात बाहेर काढला, दुसऱ्या फलकासमोर काचेला टेकवला आणि मोठ्याने म्हणाली, "आत्या, इकडे बघ! तिन्ही राजे आपलेच!"