पूर्ण ताकदीवर

नायलॉनच्या फासात अडकलेला स्फटिक पडद्यावर शेंगदाण्याएवढा दिसत होता. प्रत्यक्षात तो मिठाच्या कणाहूनही लहान होता. पण तो घेऊन आलेल्या संशोधक विद्यार्थिनीच्या आयुष्यात सध्या त्याच्यापेक्षा मोठं काहीच नव्हतं. डबा भरून आणलेल्या बाकीच्या स्फटिकांवर प्रवासात बर्फ धरला होता. धडधाकट उतरला तो हा एकटा. याच्यावर क्ष-किरण सोडायचे, त्याला हळूहळू अर्धा फेरा फिरवायचं आणि वाटेत सगळी चित्रं टिपायची. ती मिळाली की आतल्या प्रथिनाचा आकार कळणार, प्रबंध पुरा होणार. नाही मिळाली तर या किरण-केंद्रातली पुढची पाळी वर्षभराने, आणि तोवर शिष्यवृत्ती संपलेली.

यंत्रवाला शिशाच्या खोलीत शिरला. खोली न्हाणीघराएवढी, तरी नियमाप्रमाणे "आत कुणी आहे का?" असं मोठ्याने ओरडला. कुणी ओ दिली नाही याची खात्री करून त्याने कोपऱ्यातलं 'खोली रिकामी'चं बटण दाबलं आणि जड दार लोटून तो बाहेर आला.

"तुमचं कुणी राहिलंय का आत?" त्याने तिला विचारलं.

"सगळंच आतच आहे," ती म्हणाली.

तिचे मार्गदर्शक सर आपल्या विद्यापीठातून संगणकावर हजर होते. त्यांना फक्त चित्राची चौकट दिसत होती. सूचना मात्र ते सगळ्याच गोष्टींच्या करत होते. सरांना नाही म्हटलेलं आवडत नसे असं नव्हे. तसा प्रयोग अजून कुणी केलाच नव्हता.

चाचणीचं पहिलं चित्र आलं. करड्या पाटीवर फिकट ठिपके.

"हे काय? मला तर कोरा कागद दिसतोय."

"ठिपके आहेत, सर. पार कडेपर्यंत आहेत."

"मग काय माझे डोळे गेले? ताकद किती लावलीस?"

"दहावा हिस्सा, सर."

"दहावा? अगं, किरण काय तुझ्या सासऱ्यांच्या घरचे आहेत, पुरवून पुरवून वापरायला? पूर्ण ताकद लाव!"

"सर, पूर्ण ताकदीवर ठिपके देखणे येतील, पण अर्धा फेरा व्हायच्या आत स्फटिक जळून जाईल."

"काही जळतबिळत नाही. आमच्या वेळी आम्ही दिवसदिवस भाजायचो."

सरांच्या वेळचे किरण कंदिलाच्या जातीचे होते. पण हे सांगायची ही वेळ नव्हती.

यंत्रवाल्याने माइकवर तळहात ठेवला. "ताई, लवकर ठरवा. सर म्हणतात ते करू, की स्फटिक म्हणतो ते?"

एकत्र कुटुंबात सून म्हणून तिची बरीच वर्षं गेली होती. 'हो' म्हणणं आणि करणं ही दोन निरनिराळी कामं आहेत, हे ती तिथे शिकली होती. विद्यापीठात हा विषय नाही.

"हो सर, वाढवते," ती म्हणाली आणि माउस हातात घेतला. ताकदीच्या आकड्याला तिने बोट लावलं नाही. चित्राच्या कडेला काळं-पांढरं गडद करायची पट्टी होती, ती वर सरकवली. चित्र तेच, ठिपके तेच. पण काजळ घातल्यासारखे उठून दिसू लागले.

"आत्ता कसं!" सर गरजले. "म्हटलं नव्हतं? अनुभव म्हणतात तो हा, बाई. चल, याच ताकदीवर चालू कर."

"याच ताकदीवर, सर."

यंत्रवाल्याला एकाएकी खोकला आला.

स्फटिक फिरू लागला. किंचित वळायचा, चित्र; किंचित वळायचा, चित्र. तिची नजर कडेच्या ठिपक्यांवर होती. स्फटिक जळायला लागला की आधी कडेचे जातात, म्हातारपणी दूरचं दिसेनासं व्हावं तसे. मध्येच एका चित्रात ते दिसेनात. तिने बाजूच्या पडद्यावर पाहिलं. स्फटिकाची पातळ बाजू समोर आली होती, एवढंच. पुढच्या चित्रांत ते पुन्हा हजर झाले. सर तेवढ्यात कुणाला तरी खोलीत बोलावून, ठिपके कसे ओरडून आणावे लागतात, ते समजावत होते.

अर्धा फेरा पूर्ण झाला. तिने चित्रांची एक प्रत इथे, एक तिथे उतरवून घेतली, त्या उघडतात की नाही ते पाहिलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

"झालं, सर. सगळी चित्रं आली."

"आणि जळला का तुझा स्फटिक?"

"नाही, सर."

"मग! आता मला भाषणासाठी एक झणझणीत चित्र दे. आणखी वाढव."

"किती वाढवू, सर?"

"आहे तेवढी लाव. कंजूषपणा नको."

तिने यंत्रवाल्याकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. या वेळी तिने आकड्यालाच हात घातला.

पहिलं चित्र डोळे दिपवणारं आलं. दुसरं बरं होतं. त्यानंतरच्यात ठिपके विरले, आणि मग खरोखरच कोरा कागद. सर पहिल्याच चित्राचा मोबाइलवर फोटो काढून ओळखीच्यांना पाठवण्यात गुंतले होते; पुढची त्यांनी पाहिली नाहीत.

बाजूच्या पडद्यावर कॅमेरा स्फटिक दाखवत होता. मधोमध, इस्त्री विसरलेल्या कापडावर पडतो तसा तपकिरी डाग.

"उगाच घाबरत होतीस," सर मायेने म्हणाले. "गुणी स्फटिक आहे. नीट जपून परत आण त्याला. पुढच्या खेपेला आणखी जोर लावू."