काळ्या पानाची सिगार

धोंडूने सिगारचं टोक कापलं, ती बशीत ठेवली आणि बशी राजारामसमोर सरकवली. राजारामने सिगारकडे पाहिलंच नाही. तो धोंडूच्या अंगठ्याकडे बघत होता.

टेबलापलीकडे सुचित्रा बसली होती, वरळीच्या ह्या सिगार लाउंजची मालकीण. तिने सकाळीच फोनवर सगळं सांगितलं होतं. काळ्या पानाच्या, सगळ्यात महागड्या सिगारबद्दल एका जुन्या गिऱ्हाइकाने तक्रार केली होती. म्हणे, चव पहिल्यासारखी नाही. पेटी उघडलेली, आणि कपाटाची किल्ली एकट्या धोंडूकडे. अस्सल माल काढून त्या जागी कुणीतरी भलतंच भरतंय, असा तिचा संशय होता. राजारामकाकांनी एक ओढून बघावी आणि काय ते सांगावं. खोटी निघाली तर धोंडू आजच्या आज घरी.

आता खरी गोष्ट अशी, की राजारामला वासच येत नव्हता. दोन वर्षांपूर्वी ताप आला, आठ दिवसांत उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. मागोमाग चवही गेली. शिवाजी पार्कच्या घरी दूध करपून पातेलं काळं झालं तरी ह्याला पत्ता नसायचा. हे ठाऊक होतं फक्त बायकोला, शैलाला. ती म्हणायची, सांगून टाका एकदाचं. पण सांगणार कसं? तीस वर्षं तंबाखू पारखून नाव कमावलेला माणूस. डिलाईल रोडच्या चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीतून तो इथवर आला, तो ह्या नाकाच्या जोरावर. ते गेलं म्हटल्यावर त्याला दारात तरी कोण उभं करणार होतं?

त्याला तारलं ते धोंडूने, आणि तेही धोंडूच्या नकळत.

धोंडू त्याच चाळीतला, चारपाच वर्षांनी लहान. अकरा वर्षांपूर्वी राजारामनेच शब्द टाकून त्याला इथे चिकटवलं होतं. इतकी वर्षं सिगारच्या कपाटाशी काढल्यावर धोंडूचंही नाक तयार झालं होतं. माल बरा की वाईट, हे त्याला पेटवण्याआधीच कळायचं. आणि माल वाईट असला की बशी पुढे करताना त्याचा अंगठा कडेवरून एकदा फिरायचा. चांगला असला की अंगठा जागच्या जागी. त्याची ही खोड राजारामने बरोबर हेरली होती. गेली दोन वर्षं इथल्या मालाचा निकाल तो ह्या अंगठ्यावर देत होता आणि एकदाही तोंडघशी पडला नव्हता.

आज अंगठा हलला नव्हता.

म्हणजे माल चांगला. राजाराम तसं बोलणारही होता, पण त्याच्या मनात पाल चुकचुकली. आज धोंडूचीच नोकरी पणाला लागलेली. अशा वेळी माणूस बोटंसुद्धा आवरून धरणार नाही का?

त्याने सिगार उचलली. अंगठ्याएवढी जाड, पानावर तेलकट चकाकी. न पेटवताच एकदा ओढून बघितली. मग धोंडूने काडी धरली, आणि राजारामने धूर तोंडात घोळवून हळूच सोडला. जिभेला काही म्हणता काही कळलं नाही.

“आधी मिरी,” तो म्हणाला. “मागून भाजलेली कॉफी.”

हे शब्द त्याला पाठच होते. सुचित्राने मान डोलावली. धोंडू टेबलाशी उभा होता तसाच उभा राहिला.

हेही राजारामला आता खुपायला लागलं. पूर्वी धोंडू सिगार पेटवून दिली की निमूट बाहेर जायचा. अलीकडे दोन वर्षं बघावं तर हा खोलीतून हलत नव्हता. कशाला? निकाल ऐकायला? गेल्या महिन्यात तर ह्याने स्कूटरही घेतली, सेकंडहँड असेना का. चाळीत पेढे वाटले. ह्याला मी इथे आणला, माझ्या शब्दावर हा इथे उभा राहिला, आणि माझ्याच नाकाखाली हे धंदे? राजारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याने राख बघितली. राख घट्ट होती, पांढुरकी होती, सहजी गळत नव्हती. चांगल्या सिगारची असते तशीच. पण राख तर हल्ली नकली मालाचीही बरी निघते, असं त्याने स्वतःला समजावलं. त्याने धोंडूकडे सरळ पाहिलं. धोंडूने नजर चुकवली नाही, उलट मान किंचित हलवली, नाही म्हणावं तशी. विनवतोय लेकाचा, राजारामला वाटलं. मग मात्र त्याचा निश्चय झाला.

त्याने सिगार बशीत ठेवली.

“कॉफीच्या मागे काहीच नाही,” तो म्हणाला. “अस्सल असती तर शेवटी गोडवा आला असता. माल खोटा आहे.”

सुचित्राने पुन्हा विचारलं, काका, नक्की ना, माणसाच्या पोटाचा प्रश्न आहे. राजाराम म्हणाला, तीस वर्षांत माझं नाक कधी चुकलंय का? तिने धोंडूपुढे हात केला. धोंडूने खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. मी काही केलं नाही मॅडम, एवढंच तो म्हणाला, आणि तेही एकदाच. ती त्याचा हिशेब करायला आत निघून गेली.

खोलीत दोघंच उरले. राजाराम खिडकीतून समुद्राकडे बघत बसला. आता हा पाया पडेल नाहीतर शिव्या देईल, त्याने मनाची तयारी केली होती. धोंडूने दोन्हींतलं काही केलं नाही. त्याने विझत आलेली सिगार उचलली, नाकाशी धरून एकदा हुंगली आणि परत ठेवली. इतकी वर्षं इथे तो राजारामला साहेब म्हणत होता. आज चाळीतल्यासारखी हाक मारली.

“दादा,” तो हळूच म्हणाला, “आता वाईट माल आला तर तुम्हाला कोण सांगणार?”