दोरीचं दुसरं टोक

सिद्धाप्पादादा जन्मापासून आंधळा, पण पायात लई दम. वडलांनी मेंढीच्या लोकरीची दोरी वळून दिलेली. एक टोक माझ्या मनगटाला, दुसरं त्याच्या. सोलापुराबाहेर शर्यतीला गेलो, की आदल्या दिवशी आम्ही धावत अख्खं शहर बघायचो. म्हणजे मी बघायची आणि त्याला सांगायची. त्यानं दोरीला हिसका दिला, की थांबून नीट सांगायचं. “एकदा समुद्र दाव की,” म्हणायचा. उन्हाळ्यात तापानं गेला. आज रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मी एकटीच धावत होते. तोंड मात्र सवयीनं चालूच. “दादा, उजवीकडं होड्या हायेत. म्होरं उतार हाय, जपून.” मासळीवाली ओरडली, “ताई, दोरी लोळतेय तुमची!” “असू द्या, मावशी. दादाची हाय.” पाण्यात उतरले. लाट मागं सरली आणि दोरीला ओळखीचा हिसका बसला. मी जागीच थांबले, भरल्या डोळ्यांनी समोर बघितलं. “दादा, मलाबी काय दिसंना रे.”